सालेकशाचे आभाळ आणि आठवड्याचा हिशेब

मुंबई-पुण्याच्या माणसाच्या मनात पाऊस पश्चिमेकडून येतो. आधी केरळ, मग तळकोकण, मुंबई, घाट आणि शेवटी देश, हा त्याचा रस्ता दरवर्षी वर्तमानपत्रांत छापल्या जाणाऱ्या बाणांनी आपल्या डोक्यात पक्का केला आहे. त्या नकाशात महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. गोंदिया जिल्ह्यातला सालेकसा तालुका हे असेच एक टोक. गोंदियाहून हावड्याकडे निघालेली गाडी आमगाव सोडते, सालेकसा घेते, दरेकशाच्या डोंगरातला बोगदा ओलांडते आणि बोरतलावला पोहोचते तेव्हा ती छत्तीसगडात शिरलेली असते. उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. बाजारात गोंडी, पोवारी, छत्तीसगढी आणि झाडीबोली एकाच वेळी कानांवर पडतात. आणि इथे पावसाचा बाणही बराचसा उलटा आहे.

पावसाळ्यात बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. ओडिशाचा किनारा ओलांडून ती वायव्येकडे सरकतात. अशा क्षेत्राचा सर्वांत जोरदार पाऊस त्याच्या केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्र छत्तीसगडाच्या उत्तर भागात असले की त्याची नैऋत्य बाजू म्हणजे बालाघाट, गोंदिया, भंडारा. अरबी समुद्राकडचे वारे इथे पोहोचत नाहीत असे नाही. पण तळी भरणारा, नद्या फुगवणारा, तीन-तीन दिवस न उघडणारा पाऊस बहुधा उपसागराचा असतो. कोकण चिंब असताना पूर्व विदर्भ कोरडा आणि कोकण उघडले असताना पूर्व विदर्भ बुडालेला, ही स्थिती इथल्या लोकांना नवी नाही. मुंबईच्या बातम्यांत मात्र तिचे दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते.

आभाळाकडे थोडा वेळ पाहिले तरी हे दोन्ही समुद्र एकाच वेळी दिसतात. भर पावसाळ्यात खालचे काळे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतात. त्यांत फट पडली आणि वरचे पांढरे, पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे ढग दिसले, तर ते पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना आढळतात. आठ-दहा किलोमीटरच्या वर पावसाळ्यात वारे पूर्वेचे असतात. त्यामुळे उपसागरातल्या क्षेत्राची पहिली चिठ्ठी हे वरचे ढग आणतात. ओला मजकूर मागून येतो.

मला या लेखात सालेकसा परिसराच्या निमित्ताने एकच गोष्ट तपासायची आहे. इथल्या शेतकऱ्याला पावसाबद्दल जे विचारायचे असते आणि त्याला जे सांगितले जाते, त्यांची मापे जुळत नाहीत. त्याचा प्रश्न आठवड्याचा असतो. उत्तर मात्र शतकाहून अधिक काळ हंगामाचे मिळत आले.

प्रश्न आठवड्याचा का, हे कळायला धान कळले पाहिजे. (या भागात शेतात असते ते धान, भात म्हणजे शिजलेला.) जूनमध्ये परे टाकतात, म्हणजे रोपवाटिका. पऱ्हे तयार झाले की जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. रोवणीला बांधीत पाणी उभे हवे. चिखल झाल्याशिवाय रोपटे लागत नाही. परे तयार आणि पाऊस गायब, असे दहा-बारा दिवस गेले की रोपे वाढून निबर होतात आणि पुढे फुटवे कमी येतात. मग सप्टेंबर. हलके धान लवकर निसवते. भारी धान सप्टेंबरच्या अखेरीस, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्या वेळी पोटरीतल्या लोंबीला पाणी मिळाले नाही तर दाणा भरत नाही, लोंबी पोचट निघते. एवढे सगळे पार पडले की कापणी, आणि मग इच्छा नेमकी उलटी होते. कापलेले धान वाळण्यासाठी तीन-चार दिवस बांधीतच पसरून ठेवतात. त्याला कडपा म्हणतात. कडप्यावर पाऊस पडला की धान्याला कोंब फुटतात, तांदूळ काळा पडतो. म्हणजे एकाच शेतात तीन आठवड्यांच्या अंतराने पाऊस जीव वाचवतो आणि जीव घेतो. वर्षाला बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात एकूण पाऊस किती, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कोणत्या आठवड्यात, हा खरा प्रश्न.

हे जुन्यांना ठाऊक होते. कौटिलीय अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या, म्हणजे शेतीच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापे द्रोणांत दिली आहेत. कोठाराच्या दारी हातभर तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा, असेही त्याच ग्रंथात अन्यत्र सांगितले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत या पर्जन्यमापकाचे कौतुक नेहमी येते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. पावसाळ्याच्या चार महिन्यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या महिन्यांत मिळून एक तृतीयांश, मधल्या दोनांत दोन तृतीयांश, अशी वाटणी झाली तर तो पाऊस चांगला, असे ग्रंथकार म्हणतो. आणि मग तो ढगांची मोजदाद करतो: सात दिवस अखंड बरसणारे ढग तीन, बारीक तुषार टाकणारे ऐंशी, आणि ऊन पडू देणारे साठ, असा पाऊस सम आणि हितकारक. संस्कृतात त्या सात दिवसांच्या ढगांना चक्क ‘साप्ताहिक’ म्हटले आहे. वऱ्हाडात, झाडीपट्टीत ज्याला झड किंवा झडी म्हणतात तोच हा ढग. वर्षात झडी तीन, बाकी रिमझिम आणि उघडीप. धानाच्या शेतकऱ्याने आजही याहून वेगळी मागणी केली नसती. गंमत अशी की या ग्रंथाची पोथी शामशास्त्रींच्या हाती म्हैसूरला १९०५ च्या सुमारास आली आणि १९०९ मध्ये ती छापली गेली. त्याआधीची तीस वर्षे हिंदुस्थानच्या पावसाचा विचार करणाऱ्या साहेबांना हा जुना सहकारी माहीतच नव्हता.

लोकांपर्यंत पोहोचली ती दुसरी पद्धत, नक्षत्रांची. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो. मिरग ८ जूनच्या सुमारास लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि सप्टेंबरअखेर हस्त. पुढे चित्रा, स्वाती. रोवणी पुनर्वसू-पुष्याची, भारी धानाचे निसवणे हस्ताचे, कडपा चित्रा-स्वातीचा, अशी शेताची आणि आभाळाची एक समांतर वही तयार झाली. इंग्रजी महिना शेतीला फार लांब पडतो, वार फार आखूड. साडेतेरा दिवसांचा हा तुकडा धानाच्या अवस्थांना बरोबर बसतो, म्हणूनच तो टिकला असावा, असे मला वाटते. सहदेव-भाडळीच्या नावावर चालणारी वचने या वहीतलीच, आणि स्वातीच्या पावसाला मोत्यांशी जोडणारी म्हणही तीतलीच.

या वहीत दोन दोष आहेत. पहिला सर्वांना दिसतो, पण त्याच्यावर कोणी फार बोलत नाही. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन दिलेले असते: हत्ती, घोडा, बेडूक, म्हैस, मोर, कोल्हा, मेंढा, गाढव, उंदीर. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे, बाकीवरून वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर. गणित स्वच्छ आहे, पण त्यात जागा नाही. सांगलीला बेडूक असेल तर सालेकशालाही बेडूकच. एक समुद्र इकडे, दुसरा तिकडे, याची त्या बेडकाला दादच नाही.

दुसरा दोष हळू चालणारा आहे. नक्षत्रांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही. पण वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ लिहिली, तेव्हापासून त्या मिनिटांचे एकवीस दिवस झाले. आजच्या कॅलेंडरच्या भाषेत बोलायचे तर त्याच्या काळी सूर्य मृगात मेच्या तिसऱ्या आठवड्यात जात होता. म्हणजे आजचे मिरगाचे वचन त्याच्या काळी लागू पडले नसते, आणि त्याच्या काळचे आज लागू पडणार नाही. तरीही वचने चालतात, याचा अर्थ लोकांनी ती गुपचूप बदलली. ग्रंथ स्थिर राहिला, तोंडची परंपरा ऋतूबरोबर सरकत गेली. आपण तिला जुनी म्हणतो, पण ती सतत दुरुस्त होत आली आहे. स्वतः वराहमिहिराने मात्र आठवड्याचा नव्हे, त्याहूनही मोठा पल्ला धरला होता: हिवाळ्यात ढगांना गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी त्यांची प्रसूती होते, हा त्याचा सिद्धान्त. ‘सद्योवर्षण’, म्हणजे लगेच पडणाऱ्या पावसाच्या खुणा, यांनाही त्याने वेगळा अध्याय दिला आहे, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

खुणांचा विषय निघाला म्हणून चंद्राच्या खळ्याबद्दल थोडे. खळे दूर तर पाऊस जवळ, खळे जवळ तर पाऊस दूर, असा समज महाराष्ट्रात सर्वत्र आहे. शिकलेल्या माणसाला तो कोड्यासारखा वाटतो, कारण बर्फकणांमुळे पडणारे खळे नेहमी एकाच मापाचे असते, चंद्रापासून २२ अंशांवर. मग ‘दूर’ आणि ‘जवळ’ आले कुठून? उत्तर असे की लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत आले. मोठे, दूरचे कडे उंचावरच्या बर्फकणांच्या पातळ पडद्यामुळे दिसते, आणि असा पडदा पुष्कळदा येणाऱ्या पावसाळी क्षेत्राच्या पुढे पसरलेला असतो. चंद्राला चिकटलेले लहान, रंगीत वलय पाण्याच्या बारीक थेंबांमुळे पडते. मधल्या उंचीवरच्या, पाऊस न देणाऱ्या ढगांतही ते सहज दिसते. म्हणजे खळ्याच्या मापावरून लोक ढगाची जात ओळखत होते. नाव एक, जाती दोन.

ढगांना जाती आहेत हे युरोपात ठरले ते १८०२ मध्ये. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने एका छोट्या विज्ञानमंडळापुढे निबंध वाचला आणि ढगांना लॅटिन नावे दिली: सिरस म्हणजे केसाची बट, क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रॅटस म्हणजे थर, निंबस म्हणजे पाऊस देणारा. गटेसारखा महाकवी या वर्गीकरणावर एवढा खूष झाला की त्याने हॉवर्डवर कविता केल्या. पुढे जोड्या लावून दहा मुख्य प्रकार ठरले. मराठीत त्यांना तंतुमेघ, स्तरमेघ, राशिमेघ, वर्षास्तरमेघ, गर्जन्मेघ अशी नावे मिळाली. नावे चांगली आहेत, पण शाळेच्या पुस्तकाबाहेर फारशी आलेली नाहीत.

सालेकशाच्या वर्षात ती अशी बसवता येतात. एप्रिल-मेच्या दुपारी तळ सपाट आणि डोके फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे असलेले राशिमेघ उठतात. त्यांतला एखादा दहा-बारा किलोमीटर उंच वाढून माथ्यावर ऐरणीसारखा पसरला की तो गर्जन्मेघ. वीज, गारा, वावटळ हे सगळे त्याचे. पण त्याचा पसारा काही किलोमीटरचाच: एका गावाची कौले फुटतात आणि शेजारच्या गावात रस्त्यावरची धूळ बसत नाही. झडी आणणारा वर्षास्तरमेघ अगदी वेगळा. त्याला आकार नसतो. आभाळभर राखाडी गोधडी, सूर्य कुठे आहे हे कळत नाही, वीज क्वचित. तो शेकडो किलोमीटर पसरतो. अंदाज बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. झडीचा ढग दोन-तीन दिवस आधी सांगता येतो, कारण त्याच्यामागे उपसागरातून चालत येणारे मोठे क्षेत्र असते. गर्जन्मेघ कोणत्या जिल्ह्यात उठेल हे आदल्या दिवशी सांगता येते. कोणत्या गावावर, हे तो उठल्यावरच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने काढलेले ‘दामिनी’ हे ॲप म्हणूनच दिवसांची नाही, मिनिटांची भाषा बोलते. धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बायकांना त्या मिनिटांत गाठायला जवळ पक्के छप्पर असते का, हा प्रश्न ॲपच्या पलीकडचा.

ढगांचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रह १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या वेधशाळांनी मिळून आभाळ पाहायचे ठरवले होते. ते ढगांचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते. त्याच वर्षी मध्य प्रांतावरचे आभाळ रिकामे झाले. ऑगस्टअखेरीपर्यंत बरा पडलेला पाऊस त्यानंतर एकाएकी थांबला. एकूण आकड्यांकडे पाहिले तर ते साल सर्वांत वाईट नव्हते. पण धानाला पाणी हवे होते ते सप्टेंबरमध्ये, आणि नेमके तेच आठवडे कोरडे गेले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. तो ओसरतो न ओसरतो तोच १८९९ चा पाऊस सुरुवातीपासून चुकला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यात होता (तो वेगळा झाला १९९९ च्या १ मे रोजी). भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१ मध्ये ती ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत ऐंशी हजार माणसे कमी. मेलेली किती, गाव सोडून गेलेली किती, हे त्या वजाबाकीत दिसत नाही.

तोवर सरकारी अंदाज सुरू होऊन दहा वर्षे झाली होती. १८६४ च्या वादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केले, त्यानंतर तिथल्या बंदराला वादळाचे इशारे मिळू लागले. १८६६ चा ओडिशातला दुष्काळ हे दुसरे कारण. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा प्रमुख झाला. हिमालयात हिवाळ्यात बर्फ जास्त पडले तर पुढचा पावसाळा कमकुवत, असे त्याचे निरीक्षण होते. त्या आधारावर ४ जून १८८६ रोजी त्याने मोसमी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज दिला. आज त्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण तो अंदाज कोणासाठी होता? शेतसारा किती येईल, दुष्काळाची तजवीज करावी लागेल का, धान्य कुठून हलवावे, हे सिमल्याला कळावे म्हणून. वादळाचे इशारे होते जहाजांसाठी. नागपूरहून पूर्वेकडे गेलेला लोहमार्ग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या भागातून राजनांदगावपर्यंत पोहोचला होता. १८९१ पर्यंत बेंगॉल-नागपूर रेल्वेने नागपूर बंगालमधल्या आसनसोलशी जोडले. रुळांबरोबर तारा आल्या. उपसागरात काही शिजते आहे ही बातमी तारेने सालेकशावरून नागपूरला आणि पुढे मुंबईला जाऊ शकत होती. सालेकशात ती उतरवून घ्यावी असे मात्र कोणाला वाटले नाही, कारण धानाचा शेतकरी हा हवामान खात्याचा ग्राहकच नव्हता.

ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन इलियटने अंदाजाचा पसारा वाढवला; लांबलचक पत्रके निघू लागली. १८९९ साठी त्याने सरासरीपेक्षा चांगला पाऊस सांगितला होता. घडले ते वर आलेच आहे. टीका एवढी झाली की पुढे काही वर्षे अंदाज गोपनीय ठेवण्यात आला. चुकलेला अंदाज सुधारण्याऐवजी लपवणे, ही सरकारी प्रतिक्रिया आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९०४ मध्ये आलेला गिल्बर्ट वॉकर मुळात गणितज्ञ. त्याने जगभरच्या दाबांचे, तापमानांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि प्रशांत व हिंदी महासागरांतला तो झोका शोधला, ज्याचा एल निन्योशी संबंध पुढे उलगडला. विज्ञान म्हणून ही मोठी झेप आहे. पण प्रश्न तोच राहिला: यंदा हिंदुस्थानात किती? वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ पासून वापरात आलेले सोळा घटकांचे सूत्रही याच प्रश्नाचे उत्तर होते. ते वर्षानुवर्षे बरे चालले आणि २००२ मध्ये फसले. देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला, आणि तूट मुख्यतः एकट्या जुलैची. जुलै म्हणजे रोवणी.

मग सालेकसा-आमगावकडचा शेतकरी काय करत होता? त्याने अंदाजापेक्षा भरवशाची गोष्ट बांधून ठेवली होती: तळे. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या मालगुजारांनी बांधलेले हे तलाव, त्यांच्या खालोखाल बोड्या, बोडीखाली बांध्या. सप्टेंबर कोरडा गेला तर तळ्याचे तोंड फोडून पोटरीतले धान वाचवायचे. तळे हा एक प्रकारे साठवलेला आठवडाच आहे: जुलैत पडलेला पाऊस उचलून हस्तात ठेवायची सोय. पाणी कोणाच्या बांधीत आधी जाणार, हे मालगुजाराच्या मर्जीवर चाले, हेही विसरू नये. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. कागदावर त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’. अनेकांत गाळ साचला, पाळी फुटल्या, कडेने अतिक्रमणे झाली. ज्याच्या तळ्यात पाणी आहे त्याला कोरड्या आठवड्याचा अंदाज उपयोगी पडतो. ज्याच्याकडे नाही त्याला तो फक्त आधी कळतो.

शेतकऱ्यासाठी म्हणून हवामानाची वार्ता सुरू झाली ती १९४५ मध्ये, रेडिओवर. १९३२ मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी-हवामानशास्त्राचा विभाग उभा राहिला होता. त्याचे हे फळ. १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भाचे हवामान विदर्भातून सांगितले जाऊ लागले. ‘तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस’ हे वाक्य तेव्हापासून चेष्टेचा विषय आहे. पाऊस पडला तरी खरे, नाही पडला तरी खरे, असे लोक म्हणतात. वास्तविक त्यातला प्रत्येक शब्द मोजून घेतलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश मापनकेंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. त्याच्यावर ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि तीन चतुर्थांशांच्या पुढे ‘सर्वदूर’. हलका पाऊस १५.५ मिलिमीटरपर्यंत, मध्यम ६४.४ पर्यंत, ६४.५ पासून जोरदार. ही परिभाषा कोणी शेतकऱ्याला समजावून सांगितली नाही. त्याला ते गुळमुळीत बोलणे वाटले आणि त्याने वाहन पाहणे चालू ठेवले. यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही: चतुर्थांश केंद्रांत आपले गाव आहे का, हे दोन्ही पद्धती सांगत नव्हत्या.

महसुलाच्या भाषेतही हीच अडचण आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी, मग पंचनामे. पण जुलैत रोवणीवर पडलेले ७० मिलिमीटर धानाला अनेकदा मानवतात, आणि कडप्यावर पडलेले ३० मिलिमीटर वर्षाची कमाई नेतात. आकडा एक, पीक वेगळ्या वयाचे. २०२३ मध्ये राज्य शासनाने सततच्या पावसालाही आपत्ती मानण्याचे ठरवले, ते या मापातली एक फट बुजवण्यासाठी. झडीला सरकारी दप्तरात जागा मिळायला एवढा काळ लागला.

आठवड्याचा अंदाज खऱ्या अर्थाने हाती आला तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत. २००८ पासून जिल्हावार कृषी-हवामान पत्रिका निघू लागल्या, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढच्या पाच दिवसांच्या. नागपूरच्या प्रादेशिक केंद्राचे हिरवे, पिवळे, नारंगी, लाल इशारे आता गावागावातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा अंदाज उपलब्ध झाला. पुण्यातच विकसित झालेली आणि २०२५ च्या मेमध्ये सुरू झालेली नवी प्रणाली देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडते. त्याच २०२४ च्या मार्चअखेर मात्र, त्या आकड्यांचे ‘आज फवारणी करू नका’, ‘कापणी चार दिवस थांबवा’ असे भाषांतर करून देणारी देशभरातली जिल्हा कृषी-हवामान केंद्रे बंद करण्यात आली. आकडे गावापर्यंत आले आणि दुभाष्या गेला.

आभाळ कळले म्हणजे पाणी कळलेच असेही नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर गोंदिया, भंडारा आणि पुढे गडचिरोलीपर्यंत वैनगंगेने हाहाकार केला. तो पाऊस मुख्यतः मध्य प्रदेशात पडला होता; शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले आणि पाणी सीमा ओलांडून आले. त्या दिवशी ढग पाहून उपयोग नव्हता.

२०२५ च्या ऑक्टोबरअखेर ‘मोंथा’ वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळले, २८ तारखेच्या रात्री. जमिनीवर येऊन ते विरले, पण त्याचे अवशेष तेलंगण-छत्तीसगडमार्गे पूर्व विदर्भापर्यंत आले आणि पाऊस घेऊन आले. सूर्य स्वातीत होता. पंचांगाच्या हिशेबाने मोत्यांचे दिवस. भारी धान कापणीला आले होते, हलक्याचे कडपे बांध्यांत पडले होते. या वेळी अंदाज चुकला नव्हता. वादळ येणार हे काही दिवस आधीपासून जाहीर होते, त्याचा मार्गही बराचसा बरोबर सांगितला गेला होता. एवढ्या अवधीत करता येण्याजोगे बरेच असते: उभे धान कापू नये, कापलेले गोळा करून भारे बांधावेत, उंचवट्यावर पुंजणे रचावे, ताडपत्री टाकावी, बांधीचे पाणी निघायला वाट करावी. त्यासाठी माणसे लागतात, आणि त्या चार दिवसांत ती अख्ख्या तालुक्याला एकाच वेळी लागतात.